बाजारात तुरी

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही दोन शब्द बोलावेत असा कार्यकारी मंडळाचा आग्रह असतो. आणि दरवर्षी आम्ही शिक्षण, काटकसर किंवा लग्नातील वायफळ खर्च यांपैकी एखादा विषय घेऊन आपली सुटका करून घेतो. यंदाचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो आमच्या अंगावर येऊन पडला आहे. आपल्यातीलच एका होतकरू अभियंत्याने हातात धरून खेळावयाचे व्हिडिओ गेमचे एक यंत्र तयार करण्याचे योजिले आहे. त्यासाठी संघाच्या शिक्षणनिधीतून तीन लक्ष रुपये मिळावेत, व शिवाय सभासद कुटुंबांनी आगाऊ पैसे भरून प्रत्येकी एक यंत्र नोंदवावे, असा त्यांचा अर्ज मंडळापुढे आला आहे. अर्जाची छाननी आमच्याकडे सोपविण्यात आली. अर्जदार या क्षणी याच सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. त्यांच्या हुशारीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे आम्ही जे बोलणार आहोत ते ऐकून कोणाचा गैरसमज होऊ नये.

अर्जात एक वाक्य वारंवार येते. परदेशांत अशी यंत्रे लोकवर्गणीतूनच जन्मास येतात, मग आपण मागे का राहावे? हे वाक्य वाचल्यावर त्या परदेशांत नेमके काय घडले ते पाहून घ्यावे असे आम्ही ठरविले, आणि पावसाळ्याचे दोन महिने त्यातच गेले. घरच्या मंडळींनी हा पेन्शनराचा नवा नाद आहे असे म्हणून दुर्लक्ष केले.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेत २००९ साली किकस्टार्टर नावाची एक संस्था निघाली. ज्याच्याजवळ कल्पना आहे पण भांडवल नाही, त्याने संगणकावर आपली योजना मांडावयाची, एक चित्रफीत दाखवावयाची, किती रक्कम हवी व किती दिवसांत हवी ते सांगावयाचे. जगातील कोणीही आपल्या कार्डावरून पैसे कबूल करावेत. ठरलेल्या मुदतीत रक्कम पुरी झाली तर पैसे कापले जातात. न झाली तर कोणाचीच कवडी जात नाही. संस्था आपले शेकडा पाच टक्के घेते. इंडिगोगो नावाची दुसरी अशीच संस्था आहे. तेथे लक्ष्य पुरे झाले नाही तरी जमलेली रक्कम नेता येईल अशीही सोय योजकास मिळत आली आहे.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, काहीच नाही. महाराष्ट्राला तर ही गोष्ट मुळीच नवी नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याची पाठराखण केली, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. आज ज्याला मोठ्या ऐटीत क्राउडफंडिंग म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? पण पैसाफंडाला पैसा देणाऱ्याने त्या पैशाच्या मोबदल्यात आपल्या घरी दिव्याची चिमणी येईल असे मानले नव्हते. त्याने तो पैसा दिला, आणि विसरला. किकस्टार्टरवर पैसे देणारा तसा विसरत नाही. तो चातकासारखा दाराकडे डोळे लावून बसतो. कारण त्याला वाटते की आपण वस्तू विकत घेतली आहे. वस्तुतः त्याने ती विकत घेतलेली नसते. हे आमचे मत नव्हे. २०१२ सालच्या सप्टेंबर महिन्यात खुद्द किकस्टार्टरनेच ‘आम्ही दुकान नव्हे’ असे जाहीर केले, यंत्रे बनविणाऱ्यांनी संगणकावर रंगविलेली खोटी चित्रे दाखवू नयेत असा नियम घातला, आणि योजनेतील धोके स्वतंत्रपणे लिहून देण्याची सक्ती केली. दुकानदारावर अशी पाटी लावण्याची पाळी का यावी, याचा विचार करण्याजोगा आहे.

म्हणजे वर्गणीदार हा गिऱ्हाईक नव्हे. बरे, तो भागीदार म्हणावा, तर तेही नाही. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्याचा सभासद पाहा. त्याच्या नावावर भाग असतो, वार्षिक सभेत मत असते, हिशेबतपासनिसाचा अहवाल मागण्याचा हक्क असतो. सभेत उठून चेअरमनला चार खडे बोल सुनावण्याची मुभाही असते. यांतले काहीच या वर्गणीदाराजवळ नसते. ऑक्युलस नावाचा डोळ्यांवर चढवावयाचा चष्मा २०१२ साली सुमारे चोवीस लक्ष डॉलरच्या लोकवर्गणीतून पुढे आला आणि २०१४ साली फेसबुकने ती कंपनी दोनशे कोटी डॉलरला घेण्याचे ठरविले. ज्यांनी पहिला पैसा दिला त्यांना त्या दोनशे कोटींतून काहीही मिळाले नाही. पुढे २०१६ साली, ज्यांनी पहिला नमुना नोंदविला होता त्यांना नवा चष्मा भेट म्हणून मिळाला, आणि त्यांनी आनंद मानला. ही यशाची कथा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आता ज्या कथेवरून एवढा गाजावाजा झाला ती सांगतो. २०१२ सालच्या जुलै महिन्यात किकस्टार्टरवर ‘ऊया’ या नावाचे एक यंत्र अवतरले. तळहातावर मावेल एवढी चौकोनी डबी, टेलिव्हिजनला जोडावयाची, किंमत अवघी नव्व्याण्णव डॉलर. मोबाइलमधील अँड्रॉइड प्रणालीवर ते चालणार होते. सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट या धनाढ्य कंपन्यांनी खेळांच्या बाजाराची कवाडे बंद करून घेतली आहेत, ती आम्ही सामान्यांसाठी खुली करू, असे त्यांचे सांगणे. साडेनऊ लक्ष डॉलर मागितले होते; ते पहिल्याच दिवशी, काही तासांत जमले. महिनाभरात त्रेसष्ट हजारांहून अधिक लोकांनी मिळून पंचाऐंशी लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम दिली. वृत्तपत्रांनी ती रक्कम छापली, ती रक्कम वाचून आणखी लोकांनी पैसे दिले, आणि ते आकडे पुन्हा वृत्तपत्रांत आले. यंत्र कोणीच वापरून पाहिलेले नव्हते. बातमी यंत्राची नव्हतीच. बातमी वर्गणीची होती.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या मंडळींनी कोणाला ठकविले नाही. २०१३ सालच्या मार्च महिन्यापासून यंत्रे खरोखरच निघाली. परंतु जूनच्या पंचवीस तारखेस ते यंत्र दुकानांत विक्रीस आले, तेव्हा ज्यांनी वर्षभरापूर्वी पैसे दिले होते अशा कित्येकांच्या घरी ते पोहोचलेले नव्हते. ज्यांच्या घरी पोहोचले त्यांतील काहींच्या खेळपट्टीची बटणे वरच्या पत्र्याखाली अडकून बसत, आणि बटण दाबल्यावर पडद्यावरील आकृती हलावयास किंचित वेळ लागे. ज्याने कधी असा खेळ खेळलेला नाही त्याला हे क्षुल्लक वाटेल. पण तबलजीची थाप निमिषभर मागाहून ऐकू आली तर गवयाचे काय होईल, तेच येथे खेळणाऱ्याचे होते.

पण खरे मर्म याहून खोल होते. या डबीत जी चिप बसविली होती ती वर्गणी जमली त्या वर्षी मोबाइल व टॅबलेटांत सर्रास होती. घरोघर यंत्र पोहोचेपर्यंत ती जुनी झाली. मोबाइल बनविणारा दरवर्षी नवी चिप बसवितो व ती लाखोंनी विकतो. नव्व्याण्णव डॉलरच्या डबीला ते कोठून परवडणार? एवढ्या किमतीत यंत्रावर नफा म्हणावा तसा सुटत नव्हता. नफा मिळावयाचा तो पुढे विकल्या जाणाऱ्या खेळांच्या हिश्शातून. आणि प्रत्येक खेळ थोडा तरी फुकट खेळता आला पाहिजे असा नियम त्यांनीच केला होता. लोकांनी फुकट तेवढे खेळून घेतले. म्हणजे पाणपोई बांधली, पाणी फुकट ठेवले, आणि शेजारच्या सरबताच्या विक्रीवर पाणपोईचा खर्च भागेल असा हिशेब मांडला.

खेळ हवे होते, ते लिहिणारे येईनात. तेव्हा कंपनीने जाहीर केले की, जो खेळ किकस्टार्टरवर पन्नास हजार डॉलर मिळवील त्याला तेवढीच रक्कम आम्ही वर घालू. मग असे दिसून आले की काही खेळांना मोजक्याच वर्गणीदारांकडून नवल वाटावे एवढ्या रकमा मिळत आहेत. आपल्याच मित्रांकडून वर्गणी भरावयाची व दुप्पट करून न्यावयाची, असा संशय लोकांस आला. ओरड झाली, आणि नियम बदलावे लागले. सत्यनारायणाच्या ताटात यजमानानेच प्रथम नोटा ठेवाव्यात म्हणजे पाहुण्यांचा हात सैल होतो, ही युक्ती आपल्याला काही अपरिचित नाही!

शेवट थोडक्यात सांगतो. २०१५ साली त्या कंपनीचा खेळांचा व प्रणालीचा भाग रेझर या दुसऱ्या कंपनीने घेतला. यंत्र घेतले नाही. २०१९ सालच्या जूनमध्ये सेवा बंद झाली, आणि ज्या खेळांना दर वेळी त्या सेवेची अनुमती घ्यावी लागे ते पैसे देऊन घेतलेले खेळही थांबले. आपल्या घरातील जुना रेडिओ कारखाना बुडाला तरी चालू राहतो. हे यंत्र तसे नसते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

ऊयाच्या बाबतीत निदान यंत्र तरी होते. कॅमेलिअनच्या बाबतीत तेही नव्हते. अमेरिकेतील काही हौशी मंडळींनी २०१५ साली जुन्या पद्धतीची कॅसेट घालून खेळावयाचे यंत्र काढावयाचे ठरविले. अटारी कंपनीच्या जॅग्वार या यंत्राच्या कवचाचे साचे त्यांनी मिळविले होते. म्हणजे पेटी तयार, आत काय घालावयाचे तेवढे राहिले. त्यांनी इंडिगोगोवर साडेएकोणीस लक्ष डॉलर मागितले, त्यातले फारच थोडे मिळाले. मग कोलेको या जुन्या नामवंत कंपनीचे नाव भाड्याने घेऊन तेच यंत्र ‘कोलेको कॅमेलिअन’ म्हणून पुन्हा पुढे केले. २०१६ सालच्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ते मांडले गेले. चालूही होते. परंतु पेटीच्या मागील बाजूची छायाचित्रे पाहणाऱ्या काही चिकित्सक पोरांच्या लक्षात आले की, मागची जोडणीची भोके तर निन्टेन्डोच्या जुन्या सुपर निन्टेन्डो यंत्राच्या लहान आवृत्तीसारखी दिसतात. शंका वाढू लागली, तेव्हा शंकासमाधानार्थ पारदर्शक पेटीतील नमुन्याचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यात आले. आता तरी लोक गप्प बसतील असे त्यांना वाटले असावे. काही तासांतच कोणीतरी ओळखले की आत बसविलेला सर्किट बोर्ड म्हणजे संगणकात व्हिडिओ टिपून घेण्यासाठी लावतात ते एक जुने कार्ड आहे. खेळाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मार्चमध्ये कोलेकोने आपले नाव काढून घेतले, आणि पुढची वर्गणी मागावयाचे राहूनच गेले. चार हौशी मुलांनी घरी बसून छायाचित्रे निरखली नसती तर कितीतरी लोकांचे पैसे गेले असते. त्या मुलांचे उपकार कोणी मानले असतील असे वाटत नाही. संशयखोर म्हणून शिव्याच खाल्ल्या असतील.

हे सगळे अमेरिकेतले, असे म्हणून कोणी हसू नये. त्याच फेब्रुवारी महिन्यात दिल्लीस दोनशे एक्कावन्न रुपयांचा मोबाइल मोठ्या समारंभाने जाहीर झाला होता, आणि दाखविण्यासाठी ठेवलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले, असे वृत्तपत्रांत आले होते. ती लोकवर्गणी नव्हती, आगाऊ नोंदणी होती. पण झाकाझाकीची रीत एकच.

इंग्लंडातील प्रकरण याहून दुःखद आहे. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेड-एक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली निघाला, व तिकडील एका पिढीने त्यावर प्रोग्रॅम लिहावयाचे शिकून घेतले. त्या स्मृतीवर २०१६ साली ‘व्हेगा प्लस’ या हातात धरावयाच्या यंत्रासाठी पाच लक्ष पौंडांहून अधिक वर्गणी जमली. या कंपनीने आधीचे व्हेगा यंत्र वेळेवर बनवून दिले होते आणि सिंक्लेअर यांचे नावही मागे होते. तेव्हा विश्वास ठेवणाऱ्यांना भोळे म्हणणेही अन्यायाचे होईल. पण संचालकांत भांडणे लागली, प्रकरण न्यायालयात गेले, मुदती मागून मुदती टळल्या. २०१८ साली थोड्याशा लोकांना यंत्रे मिळाली, तीही अपुरी व कच्ची. नावाचा परवाना काढून घेण्यात आला, आणि २०१९ च्या आरंभी कंपनी दिवाळखोरीत निघाली. तसेच अमिको. त्या यंत्राचा तर १० ऑक्टोबर २०२० हा निघण्याचा दिवसही जाहीर झाला होता. २०२४ साली अटारीने इंटेलिव्हिजन हे त्याचे घराण्याचे नाव विकत घेतले तोपर्यंत ते बाजारात आले नव्हते.

आता आमच्या घरची गोष्ट. ती सांगावी की नाही याचा बराच विचार केला. पण दुसऱ्यांचे एवढे वाभाडे काढल्यावर आपले झाकून ठेवणे बरे दिसत नाही.

आम्ही बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. त्यातील बहुतेक काळ कर्जाचे अर्ज तपासण्यात गेला. यंत्राचे दरपत्रक व तारण पाहिल्याशिवाय आम्ही लेथमशीनलाही कधी शिफारस लिहिली नाही. अशा आम्ही २०१६ साली निवृत्तीनंतर, एका परदेशी कंपनीच्या न झालेल्या खेळयंत्रासाठी अकरा हजार रुपये पाठविले. आमच्या मुलाला लहानपणी टी.व्ही.ला जोडून कॅसेट घालून खेळावयाचा गेम आम्ही घेऊन दिला होता. त्याच कॅसेटी या यंत्रात चालतील असे चित्रफितीत सांगितले होते. ते ऐकून आम्हांला मुलाचे बालपण आठवले आणि आमचे डोके चालेनासे झाले. अकरा हजारांपैकी अडीच हजार आमच्या नातवाचे होते. तो त्या वेळी नववीत होता, आणि ते अडीच हजार त्याला याच व्यासपीठावर, याच संघाच्या हस्ते पारितोषिक म्हणून मिळाले होते. यंत्र त्याच्यासाठी असल्याने त्याचाही वाटा असावा, म्हणजे पैशाची किंमत कळेल, असे आम्हीच ठरविले.

पोराने चित्रफीत दोनदा पाहिली. तो म्हणाला, “आजोबा, तो माणूस बटण दाबतोय आणि पडद्यावरचा माणूस उडी मारतोय, ते एका वेळी होत नाहीये. आणि वायर टेबलक्लॉथच्या खाली गेलीय. खाली काहीतरी ठेवलंय.”

आम्ही त्याला काय उत्तर दिले? “अरे, हजारो लोकांनी पैसे भरलेत, ते काय सगळे वेडे आहेत?”

हे आमचे शब्द आहेत. छत्तीस वर्षांत कोणत्याही कर्जदाराने ‘बाकी सगळे देत आहेत’ हे कारण आमच्यापुढे मांडले असते तर आम्ही त्याचा अर्ज परत केला असता. यंत्र पुढील दिवाळीस येणार होते. आली ती पत्रे. प्रथम दर पंधरवड्यास, मग महिन्याने, मग सणासुदीला. साचा दुरुस्त होत आहे, पडद्याचा पुरवठादार बदलला आहे, आपल्या संयमाबद्दल ऋणी आहोत. २०१९ नंतर पत्रेही बंद झाली. नातवाने त्याविषयी अक्षर काढले नाही. तो आता अभियंता झाला आहे; पण त्यानंतर कितीतरी दिवस तो आमच्यासमोर कसलीही शंका विचारीनासा झाला होता. अकरा हजारांचे आम्हांला काही वाटत नाही. दुसऱ्या गोष्टीचे वाटते.

अर्थात सर्वच योजना बुडतात असे म्हणणे खोटे होईल. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील एथन मॉलिक यांनी २०१५ साली किकस्टार्टरच्या योजनांचा अभ्यास करून सुमारे शेकडा नऊ योजना कबूल केलेली वस्तू देऊ शकल्या नाहीत असे दाखविले. नऊ ही संख्या भयंकर नव्हे. पण त्यात पुस्तके, गाणी, पत्त्यांचे डाव हे सर्व आले. आणि उशीर झाला तो या नवांत मोजलेला नाही. उत्तम उदाहरणही देतो. त्याच जुन्या स्पेक्ट्रमच्या प्रेमातून दुसऱ्या मंडळींनी ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ काढला. २०१७ साली त्यांना सव्वासात लक्ष पौंडांच्या घरात वर्गणी मिळाली. पुरे यंत्र घरोघर पोहोचू लागले ते २०२० साली. उशीर झालाच, पण वस्तू आली आणि ती चोख होती. या लोकांनी वर्गणी मागण्यापूर्वीच आतील बोर्ड चालवून दाखविला होता, आणि मोठे राज्य जिंकण्याच्या गोष्टी ते बोलत नव्हते.

यावरून आम्हांस दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ साली चित्रपट काढावयाचे त्यांनी मनात घेतले तेव्हा पैसा द्यावयास कोणी तयार होईना. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, रोज थोडे थोडे चित्रण केले, आणि महिन्याहून अधिक काळाच्या श्रमानंतर बी रुजून वेल वाढताना मिनिटभराच्या पडद्यावर दाखविली. सावकार त्यावर राजी झाला. त्यांनी ‘हरिश्चंद्रा’चे रंगीत वर्णन केले नाही, जे करता येते ते करून दाखविले.

आता अर्जाकडे वळतो. अर्जदारांनी यंत्राची किंमत चार हजार नऊशे नव्व्याण्णव धरली असून सुट्या भागांचा खर्च तीन हजार सहाशे दाखविला आहे. उरलेल्या चौदाशेत नफा होईल असे त्यांस वाटते. पण प्लॅस्टिकच्या कवचाचा साचा हा पहिला नग निघण्यापूर्वीच काही लक्ष रुपये खातो, मग नग पन्नास काढा की पन्नास हजार. त्याचा उल्लेख अर्जात नाही. सुटे भाग शेकड्याने मागितले तर एक भाव, हजारांनी मागितले तर दुसरा. अर्जातील भाव हजारांचे आहेत व नोंदणी साठ कुटुंबांची. खराब निघालेले नग परत येतील, ते कोणाच्या पदरात? व्हिडिओ गेमची यंत्रे आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात, आतील लिथियम बॅटरीचेही तसेच. ब्लूटूथ बसवावयाचे तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यू.पी.सी. शाखेची मान्यता लागते. या परीक्षणांना वेळ लागतो व फी लागते. अर्जदारांना हे आम्ही विचारले, तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, “काका, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.” या उत्तराने आमचे त्यांच्याविषयीचे मत अधिकच चांगले झाले. ज्यांनी पंचाऐंशी लक्ष डॉलर गोळा केले त्यांनाही या गोष्टी नंतरच कळल्या असतील.

आणखी एक गोष्ट वर्गणीदारांच्या ध्यानी येत नाही. किंमत चुकीची धरली असेल तर जितकी वर्गणी अधिक तितका खड्डा खोल. नगामागे दोनशे रुपये तोटा असेल तर साठ नगांत बारा हजार जातील, साठ हजार नगांत एक कोटी वीस लक्ष. लक्ष्याच्या नऊपट रक्कम जमली म्हणून टाळ्या पडतात, तेव्हा नऊपट कामाची जबाबदारी त्या पोराच्या मानेवर बसलेली असते.

शिक्षणनिधीविषयी आमचे मत स्पष्ट आहे. त्या निधीतून यंदा बावीस मुलामुलींची फी भरावयाची आहे. तो पैसा ज्यांनी दिला त्यांतील कित्येक आज हयात नाहीत. त्यांनी तो फीसाठी दिला. त्यास हात लावू नये. आगाऊ नोंदणीचे परिपत्रक संघाच्या शिक्क्याने निघू नये, कारण तो शिक्का पाहून आमच्यासारखेच कोणीतरी आपल्या नातवाला ‘सगळे वेडे आहेत काय?’ असे विचारील. पण तरुणाला रिकाम्या हाताने परत पाठवावे असेही आम्ही म्हणत नाही. व्यवसायसाहाय्य खात्यात एक लक्ष ऐंशी हजार शिल्लक आहेत. त्यांतून तीन हप्त्यांत बिनव्याजी कर्ज द्यावे: पहिला हप्ता दोन चालते नमुने करण्यासाठी, दुसरा परीक्षणाच्या फीसाठी, आणि तिसरा साचेवाल्याचे लेखी दरपत्रक आल्यावर. हप्ते ठरवावयास केवळ पेन्शनर नकोत. संघातील जी मुले हे खेळ खेळतात त्यांतली दोन-तीन समितीवर घ्यावीत. आमच्या नातवाला आम्ही विचारले. प्रथम तो नको म्हणाला. मग येतो म्हणाला.

अर्जदारांजवळ आज जो एक नमुना आहे तो येत्या रविवारी सकाळी दहा वाजता संघाच्या कार्यालयात ठेवण्यात येईल. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी यावे, आणि येताना मुलांना अवश्य आणावे. यंत्र उघडून आतला बोर्डही दाखविण्याचे अर्जदारांनी कबूल केले आहे. पेचकस आम्ही आणू. टेबलावर कापड अंथरू नये अशी सूचना कार्यालयाच्या शिपायास देऊन ठेवली आहे.